कमरेएवढा ओटा

आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कोणी विचारो न विचारो, हे मी सांगतोच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगून झालेलं आहे. गणित घेऊन बी.एस्सी. झालो, पुढं बी.एड. केलं आणि बदनापूरजवळच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलो. त्यामुळं प्लॉट घेऊन बंगला बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरकडं मी बाकीचं सगळं घर सोपवलं, पण स्वयंपाकघर माझ्याकडं ठेवलं. म्हटलं, ते मी काढणार.

"तुम्ही?" बायको म्हणाली. "साखर कोणत्या डब्यात असते ते तरी माहीत आहे का?"

"साखरेचा आणि नकाशाचा काय संबंध? मापं बराबर आली म्हणजे झालं."

हे वाक्य ती मला अजून अधूनमधून ऐकवते.

मला जुन्या काळचं स्वयंपाकघर पाहिजे होतं, पण आत सगळ्या सोयी आजच्या. ही कल्पना दातांच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलो असताना आली. तिथं टेबलावर एक गुळगुळीत मासिक होतं, त्यात असल्याच एका स्वयंपाकघराचे फोटो. भिंतीवर ओळीनं पितळी भांडी, तांब्याचे हंडे, सागवानी कपाटं आणि एका कपाटाच्या दारामागं लपवलेला फ्रीज. फ्रीज लपवायची युक्ती मला लई आवडली. बाकीचं पटलं नाही. तो कोणाचा तरी जुना काळ असेल, पण आमचा नव्हता. आमच्याकडं पितळेचे दोन तांबे होते, तेही पाहुणा आला तरच निघायचे. रोजचा कारभार जर्मनच्या चेपलेल्या भगुन्यांवर आणि तुपाच्या रिकाम्या पिवळ्या डब्यांवर चालायचा. म्हटलं, जुनंच करायचं तर आपलं जुनं करू. धावड्याच्या, म्हणजे गावच्या आमच्या घरातली चुलीची खोली मला डोळे मिटले तरी दिसते. भिंतीच्या देवळीतली रॉकेलची चिमणी, कोपऱ्यातला रांजण, छपराच्या कवेलूत बसवलेल्या काचेतून तिरपा उतरणारा उन्हाचा पट्टा आणि त्या पट्ट्यात वर चढत जाणारा धूर.

यात माझा एक स्वार्थ होता, तोही सांगून टाकतो. माझी माय अजून धावड्यालाच असते, माझ्या धाकट्या भावाकडं. तिच्या तोंडात कौतुकाचा एकच शब्द आहे, "बराबर." बैलाची चाल बघून ती म्हणते, बराबर. नांगराचं तास सरळ गेलं की म्हणते. एकदा एका कासारानं तिच्या हातात न टोचता बांगड्या भरल्या, त्यालासुद्धा म्हणाली. मला कधी म्हणाली नाही. डिग्रीचा कागद घेऊन मी गावी गेल्तो, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडं करून बघितला आणि विचारलं, "भिजला तर दुसरा देतेत का रं?" नोकरीचं पत्र दाखवलं तर म्हणाली, "शाळा लांब हाय." मी मनाशी ठरवलं की या स्वयंपाकघरात माय येईल, चारी भिंतींवरून नजर फिरवेल आणि तिच्या तोंडून तो शब्द निघेल. आलेखाच्या कागदावर रेघा ओढताना मला तोच ऐकू येत होता.

बायको जालन्याला नोकरीला आहे. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. तिनं एका चिठ्ठीवर आपल्या मागण्या लिहून दिल्या. धूर ओढणारं मशीन, आवाज न करता मिटणारे ड्रॉवर, पाणी शुद्ध करायचं मशीन, भांडी धुवायचं मशीन.

"भांडी धुवायचं मशीन जुन्या काळात कुठं होतं?" मी म्हटलं.

"होतं की. तुमच्या धावड्याच्या घरात होतं. लुगडं नेसून असायचं."

मी ते मशीन नकाशात घातलं.

ओट्यावर चूल दगडाची, दोन तोंडांची, वरून मातीच्या रंगाचा गिलावा. मोठ्या तोंडात गॅसची शेगडी बसवायची. शेजारच्या धाकट्या तोंडाला आमच्याकडं वैल म्हणतात, तिच्यावर कालवण ऊन राहतं. तिथं काचेची, विजेवरची इंडक्शन शेगडी. रांजणाच्या पोटात पाण्याचं मशीन आणि बाहेर तोटी. देवळ्यांत मिक्सर. धूर ओढणाऱ्या मशीनवर कवेलूंचा उतार. फ्रीजपुढं गोठ्याचं जुनं दार, कडी-कोयंड्यासकट. आणि स्लॅबमध्ये पूर्वेकडं एक काच, अशा हिशेबानं बसवलेली की सकाळच्या जेवणाच्या वेळेला उन्हाचा पट्टा तिरपा येऊन थेट चुलीवर पडावा. त्या कोनाचं गणित मी तीन वेळा तपासलं. माझ्या मते ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं गणित होतं.

मिस्त्री हसनाबादचा. हात सोन्याचा, तोंडानं कमी. माझा नकाशा तो एकदा सरळ, एकदा उलटा धरून बघायचा.

"सर, ओटा किती उंच घ्यायचा?"

"कमरेएवढा."

"कोन्हाच्या कमरेएवढा?"

"कोणाच्या म्हणजे? हे बघ." मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली.

"आन् देवळ्या?"

"हाताला येतील अशा." मी हात वर केला. रेघ.

"मसाल्याची फळी?"

"डोळ्यांसमोर." रेघ.

पाच मिनिटांत भिंतीवर माझ्या अंगाचा पुरा नकाशा उतरला. मी सहा फूट एक इंच आहे. मिस्त्री जरा वेळ रेघांकडं, जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. काही तरी बोलणार होता. पण आमच्या दोघांत मास्तर मी होतो, म्हणून त्यानं पेन्सिल कानाला खोचली.

मधे एका रविवारी बायको बघायला आली. फरशी बसायची होती, खोलीत वाळूचा ढीग पडला होता. ढिगावर चढून तिनं ओट्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "उंची ठीक आहे." बायको पाच फुटाला दोन इंच कमी, वाळूचा ढीग फूटभराचा. ही वजाबाकी माझ्या पाचवीच्या वर्गानं तोंडी केली असती.

मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, एका रविवारी आम्ही घरात प्रवेश केला. माय आदल्या दिवशीच आल्ती. येताना एसटीत मांडीवर धरून घरच्या म्हशीच्या दुधाची किटली आणली. नव्या घरात काही शिजवायच्या आधी नव्या चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं असतं, म्हणजे घर भरलेलं राहतं. सकाळी पूजा उरकली आणि पाहुण्यांसकट सगळे स्वयंपाकघरात जमले. माय सगळ्यांत पुढं. ओटा तिच्या छातीला लागला. तिनं मान वर करून चुलीकडं बघितलं.

"चूल इतकी वर कामून चढवली रं? नवस हाय का काही?"

पाहुणे हसले. मी पण हसलो. म्हटलं, अजून तिनं काही बघितलंच नाही. भगुन्यात दूध ओतलं, आधी नवी करामत दाखवावी म्हणून ते धाकट्या तोंडावर, इंडक्शनवर ठेवलं आणि बटण दाबलं. त्या शेगडीवर दुधाचं चित्र काढलेलं एक बटण आहे. दूध तापवायचं तर माणूस दुधाचंच बटण दाबणार. दूध तापलं, कडेनं फेस धरला, साय फुगून वर आली, सगळे माना पुढं करून श्वास रोखून उभे, आणि शेगडी टूं टूं करून बंद पडली. दूध खाली बसलं.

परत लावलं. परत वर आलं, परत टूं टूं.

दूध उतू जाऊ नये म्हणून घरोघरच्या बाया जन्मभर जे करतात, ते या मशीनला करायला शिकवलेलं होतं, आणि ते शिकलेलं सगळं त्यानं नेमकं आजच करून दाखवायचं ठरवलं होतं.

"ही चूल पण शिकलेली दिसती," माय म्हणाली. "तुह्याच शाळंत व्हती का?"

शेवटी भगुनं गॅसवर ठेवायचं ठरलं. घरच्या लक्ष्मीच्या हातानं व्हावं म्हणून बायकोला पुढं केलं. ती चवड्यांवर उभी राहिली, भगुनं कसंबसं ठेवलं आणि मागं सरकली. "अहो, डोळ्यांत ऊन येतंय. मला काहीच दिसत नाही."

माझं तीन वेळा तपासलेलं गणित बराबर निघालं होतं. पट्टा थेट चुलीवर पडत होता. चुलीपुढं तोंड करून कोणी तरी उभं राहणार, एवढं एक त्यात धरायचं राहिलं होतं.

दूध उतू गेलं ते फक्त मला दिसलं, कारण एवढ्या उंचावरचं दिसेल असा तिथं मी एकटाच होतो. "गेलं, गेलं!" मी ओरडलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माय म्हणाली, "हा म्हनतो तर गेलंच असंल. आमाला तर भगुन्याच्या बुडाशिवाय काही दिसून न्हाई राह्यलं."

जेवणं बाहेर मांडवात झाली. पाहुणे गेल्यावर मायनं स्वयंपाकघर बघायला सुरुवात केली. ती डोळ्यांनी बघत नाही, हातांनी बघते. रांजणाची तोटी सोडून पाण्याची चव घेतली. देवळीकडं हात वर केला तर बोटं जेमतेम काठाला टेकली. मसाल्याच्या फळीखाली उभी राहिली आणि फळीचं बूड बघून पुढं झाली. गोठ्याच्या दाराची कडी वाजवून तिनं मला विचारलं, "आत कोन्हाला बांधलंय?"

"फ्रीज आहे, आत्याबाई," बायको म्हणाली. "दूध दावं तोडून पळून जाईल म्हणून कडी घातलीय."

या दोघी एक झाल्या की माझं काही खरं नसतं. मी म्हटलं, "माय, धावड्याचं घर आहे हे. तीच चूल, त्याच देवळ्या, तेच ऊन. जसंच्या तसं केलंय. ओळखू येत नाही का?"

मायनं चौफेर नजर फिरवली. याच क्षणासाठी मी वर्षभर राबलो होतो.

"ल्हानपनी तू कुठं बसायचास रं, जेवाया?"

"दारापाशी. भिंतीला टेकून."

"हां. मंग तुह्या ध्यानात दारापासून दिसतं तेवढंच हाय. चुलीम्होरं बसून तू कधी बघितलंच न्हाई." तिनं पदरानं हात पुसले. "जेवायची जागा तुह्या चांगली ध्यानात राह्यली. रांधायची न्हाई."

मी बाहेर गेलो आणि मिस्त्रीला फोन लावला. म्हटलं, ओटा पाऊण फूट खाली घ्यायचा. चूल दगडाची, अख्खी फोडावी लागेल, गॅसची नळी पण आतूनच गेलेली, म्हणाला. मग नम्रपणानं, "मी इचारलं व्हतं सर. कोन्हाच्या कमरेएवढा."

आत आलो तर बायकोनं खुर्ची ओट्याला लावून ठेवली होती आणि तिच्यावर चढावं की डोकं टेकावं याचा विचार करत होती. चेहरा रडवेला. आता खरंच भांडण होणार होतं.

"फोडायची कशाला?" माय म्हणाली. ती दारापाशी भुईवर टेकली होती. "चांगली चूल हाय. सदरा ज्याच्या अंगाला बसतो, त्यानं घालावा. तुला सुट्ट्या हायेत ना रं?"

"आहेत."

"मंग झालं. आठ दिस मी हाय."

बायको खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. तोंडात पदर कोंबला तरी हसणं थांबेना.

अशी माझी शाळा सुरू झाली. बायको सकाळच्या गाडीला जायची, तिचा डबा माझ्याकडं. मी ओट्यापाशी उभा आणि माय दारापाशी पाटावर, भिंतीला टेकून. तिथून ती ओरडायची. मी वर्गात जेवढा ओरडतो, त्याच्या दुप्पट.

"पानी ऊन घे. कढत."

"किती ऊन?"

"बोट घाल. ओरडलास की झालं."

ज्वारीचं पीठ मळायला गणित चालत नाही. एका वाटीला किती पाणी, मी दोनदा विचारलं. माय म्हणाली, "पीठ सांगतं." मी वाट बघितली, पीठ काही बोललं नाही. पहिली भाकरी थापता थापता तीन ठिकाणी चिरली, तव्यावर टाकताना तिची एक बाजू माझ्या मनगटावर राहिली. मायच्या ताटात पडली तेव्हा तिनं ती हातात धरून गोल फिरवली.

"ही भाकर न्हाई, तालुक्याचा नकाशा हाय. ह्यात भोकरदन कुठंय, दाव."

दुसऱ्या दिवशी फोनवर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू भाकरी थापून राह्यला म्हनं? पारावर गोष्ट चाललीय." बातमी कशी पोचली ते मला माहीत होतं. माझ्या मायला फोन लावता येत नाही, बायकोला येतो.

तिसऱ्या दिवशी तवा तापलेला असताना दारावर कोणी तरी आलं, मी वळून बघितलं आणि भाकरीचा कोळसा झाला. माय कडाडली. "तव्यावर भाकर हाय तवर मागं बघायचं न्हाई. देव आला तरी देवाला म्हनावं, बस जरा."

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. माझी पाठ दुखली नाही. ओटा कमरेला, फळी डोळ्यांसमोर, देवळी हाताच्या टप्प्यात. एवढ्या मापात बसणारं स्वयंपाकघर पंचक्रोशीत कोणाचं नसेल. ऊन डोळ्यांत यायचं तेव्हा मी शाळेच्या सहलीतली टोपी घालायचो.

आणखी एक गोष्ट मला भाकरी वाढायला वळताना कळत गेली. तव्यावरची गरम भाकरी थेट ताटात पडायची मायला सवय नव्हती. भाकरी आली की ती अर्धी मोडायची आणि अर्धी टोपल्यात ठेवायची.

"ती कोणाला?"

"कोन्ही राह्यलं असंल ना जेवायचं."

"कोणी नाही, माय. तूच आहेस."

मग ती जरा गडबडायची. ती अर्धी उचलून परत ताटात घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढचा रविवार आला. माय दुपारच्या एसटीनं जाणार होती. बायको घरी होती, न्हाऊन केस पुसत आत आली. मी टोपी घालून भाकरीवर होतो. गोल होत होत्या, जवळजवळ गोल. उन्हाचा पट्टा चुलीवर आला होता. त्यात धूर नव्हता, धूर ओढायचं मशीन सगळा ओढून नेतं. याचं मला आठवडाभर वाईट वाटत होतं, कारण धुराशिवाय तो पट्टा दिसतच नाही, नुसता डोळ्यांत खुपतो. पण मी पिठाचा हात झटकला तेव्हा पीठ उडालं आणि पट्टा अख्खा दिसला, काचेपासून तव्यापर्यंत, धावड्याला दिसायचा तसाच. मी एकदा हात झटकला, मग उगीच परत झटकला. तव्यावरची भाकरी उलटली, जाळावर धरली. ती फुगली. पुरी, कडेपर्यंत, कुठं न फुटता.

मागं काहीच आवाज नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदा माय ओरडत नव्हती.

"आत्याबाई, काय बघताय?" बायकोचा आवाज आला.

"ये पोरी. बस इथं. म्या जलमभर त्या बाजूला बसले, इकडून कधी बघितलंच न्हाई." पाट सरकल्याचा आवाज झाला. "इथं, दारापाशी बस. भिंतीला टेक. इथून बराबर दिसतं."

मी दुसरी भाकरी तव्यावर टाकली होती, तिच्यावर पाणी फिरवलं होतं. मला वळून दोघींची तोंडं बघायची होती. पण कड सुटायला लागली होती, आणि अशा वेळी मागं बघायचं नसतं, एवढं माझं शिक्षण एव्हाना झालं होतं.